धुतलेली चाकं

झाडं कापायला दुसऱ्या डोंगरावरून आलेल्या यंत्रांची चाकं धुतल्याशिवाय त्यांना रानात सोडायचं नाही, एवढंच मुकादमाचं काम होतं. चिखलातून तणाचं बी येतं म्हणून. त्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नाही. कोण बघायला येतंय, म्हणत त्यानं वहीत 'धुतली' लिहून सही ठोकली.

रान सरसकट कापलं गेलं. उघडी पडलेली माती वाहून गेली आणि उरलेल्या मुरमावर पिवळ्या फुलांचं तण माजलं, तेही आधी नेमकं चाकांच्या खुणांमधून. तेव्हापासून मुकादम डोंगराकडे मान वर करून बघत नसे.

आज सकाळी बायकोच्या हाकेनं त्याला जाग आली.

"अहो, घरात बूट घालून कोण आलं होतं?"

दारापासून फरशीवर पावलं उमटली होती. चिखलाची नव्हे, कोवळ्या हिरव्या कोंबांची. ती थेट पलंगापाशी येऊन थांबली होती. परत गेलेलं एकही नव्हतं.

"काल पाय धुऊन झोपलात ना?" तिनं विचारलं.

पांघरुणाखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, काहीतरी गार, नाजूक हळूहळू उमलत होतं. त्यानं मान खाली घातली आणि पांघरूण घट्ट धरलं.

"धुतले," तो म्हणाला.