अल्सीडची खुर्ची

न्यू ऑर्लिन्समधल्या आमच्या बागेत दरवर्षी जॅझचा फुकट जलसा होतो. जुना श्रोता वारला की त्याची घडीची खुर्ची पुढे मांडायची आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही, ही रीत. आता पुढच्या सहा रांगा अशाच भरल्यात. जिवंत माणसं मागे उभी असतात.

यंदा नऊ वर्षांची डेल्फीन पहिल्यांदाच एकटी ट्रम्पेट वाजवणार होती. तिला शिकवणाऱ्या ओडेटबाईंना मागून काही ऐकू येईना. काठी टेकत त्या नवऱ्याच्या खुर्चीपाशी आल्या.

"बाई, तिथे अल्सीडकाका बसलेत," स्वयंसेवक अँत्वान म्हणाला.

"मग त्याला म्हणावं, सरक. पलंगावरही मेला कधी आपणहून सरकला नाही."

अँत्वानने खुर्चीपुढे वाकून विनंती केली. मग रांगेतल्या प्रत्येक खुर्चीला विचारत तो टोकापर्यंत गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परतला.

"टोकाच्या पर्लमावशी उठायला तयार नाहीत. पण काका म्हणतात, मांडीवर बस."

स्टेजवर डेल्फीनने ट्रम्पेट ओठाला लावला. ओडेटबाई लाजल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. अल्सीडचे गुडघे फार दुखायचे.