आधी हात, मग बूट

एवाल्दो ड्रेसिंग रूममध्ये शिरला आणि खाली मान घालून थेट आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. आज त्याने कोणाशीच हात मिळवला नाही.

ब्राझीलमधल्या त्याच्या फुटबॉल क्लबात सकाळी एकमेकांशी हात मिळवल्याशिवाय कोणी बूट घालत नसे. इंग्लंडला आल्यावरही पहिल्या दिवसापासून त्याने तेच चालवलं होतं. "आधी हात, मग बूट," असं तो मोडक्या इंग्रजीत सांगायचा. पोरं हसायची. कप्तानाने तर फोनमधून डोकं वर न काढता नुसती दोन बोटं पुढे केली होती. तरी चार महिन्यांत एवाल्दोने एकालाही वगळलं नव्हतं, कपडे धुणाऱ्या मॉरीनबाईंनासुद्धा.

पण काल शेवटच्या मिनिटाला त्याने पेनल्टी गोलपोस्टच्या वरून घालवली आणि संघ हरला. अजून त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. आता कोणत्या तोंडाने हात पुढे करायचा? त्याने बूट चढवले आणि नाड्या बांधायला घेतल्या.

सरावाची वेळ झाली तरी कोणी बाहेर पडत नव्हतं. आपल्याला परत पाठवायचं ठरलंय आणि ते सगळ्यांना माहीत आहे, असं त्याला वाटलं.

समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. कप्तान होता.

"आटप की रे," तो वैतागून म्हणाला, "केव्हाचे खोळंबलोय आम्ही."

एवाल्दोने मान वर केली. कप्तानाचा हात पुढे होता. त्याच्यामागे सगळा संघ नुसत्या मोज्यांवर बसला होता.