पिवळ्या रेघेवर

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या विमानतळावर पहिलं मोठं विमान उतरलं. आम्हा हमालांच्या अंगात वारं शिरलं होतं. पण विमानाचे पंखे थांबून त्याचा लाल दिवा विझेपर्यंत पिवळी रेघ ओलांडायची नाही, हा नियम.

माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, चाकांना लावायचे ठोकळे घेऊन नुसता नाचत होता. मी त्याचा दंड धरला.

"दाजी, सोडा की! पहिला ठोकळा माझाच!"

"थांब, शहाण्या. तुझ्या बहिणीला काय तोंड दाखवू?"

समोर विमानाच्या चकचकीत पत्र्यात आम्ही सगळे दिसत होतो. त्यात मी रेघेवर मूठ आवळून उभा होतो आणि मुठीत कुणीच नव्हतं. मेहुणा पार पंख्याखाली होता.

मी वळलो. त्याचा दंड माझ्या हातातच होता, गरम.

मेहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी पंख्याखाली सापडून वारला, माझ्या सुट्टीच्या दिवशी.