घरकामापुरतं

विल्यमनं टॉवेलची गाठ सोडून यंत्र बाहेर काढलं, तसे पडवीतले लोक बोलायचे थांबले.

दौंडच्या चर्चमागची पडवी. मधे दोन बाकांवर फळ्या मांडलेल्या. विल्यमची आई पहाटे गेली होती आणि उन्हं कलायच्या आत तिला माती द्यायची होती. मंडळीत कुणी गेलं की पेटी विकत आणायची नाही, सगळ्यांनी मिळून इथंच करायची, ही रीत. कुणी करवत आणतो, कुणी रंधा, कुणी नुसताच येऊन फळी धरतो. विल्यम रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर. त्याच्याकडं भोकं पाडायचं विजेचं गिरमिट. साऱ्या वसाहतीत एकच.

एकच, असं लोक समजत होते.

"हे ते न्हवं," बन्यामीनमामा म्हणाले. "ते हिरवं हुतं. तापलं का वास मारायचं."

"हे दुसरं हाय, मामा."

"नवं घेतलं व्हय?"

विल्यमनं भिंतीकडं पाहिलं. पलीकडं चर्चमध्ये आई सतरंजीवर निजलेली होती. मधे नुसती एक भिंत.

"व्हय," तो म्हणाला. "परवाच."

मामांनी यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मुठीवरचा रंग एका जागी झिजून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. मामांनी त्या जागी आपला अंगठा ठेवला. बरोबर बसला. मग त्यांनी यंत्र जपून बाकावर ठेवलं आणि हात धोतराला पुसले.

"चांगलं हाय," ते म्हणाले. एवढंच.

हिरवं यंत्र विल्यमनं मुंबईच्या फूटपाथवरून आणलं होतं ते मागणाऱ्यांसाठी. कुणाला फळी ठोकायची असे, कुणाला पाळण्याचा आकडा बसवायचा असे. विल्यम हसतमुखानं हिरवं काढून देई. "घरकामापुरतं पुष्कळ झालं की हो. महागाचं घेऊन काय करायचंय?" आणि हे करडं, विलायतेला गेलेल्या एका गोऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेलं, टॉवेलात गुंडाळून खाटेखालच्या ट्रंकेत. ते फक्त स्वतःच्या दारखिडक्यांना. माणसाची जात अशीच. शेजाऱ्याला द्यायला बोथट विळा वेगळा काढून ठेवते. रविवारी शेजाऱ्यावर प्रीती कर हे मान डोलावून ऐकायचं आणि सोमवारी शेजारी दारात आला की हिरवं पुढं करायचं.

उन्हाळ्यात ह्याच बाकांवर जॉर्जची पेटी झाली होती. जॉर्ज म्हणजे विल्यमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. हिरव्याचं पातं नाचत होतं. कड्यांची भोकं ऐसपैस पडत होती, इस्क्रू आत नुसते फिरत होते. विल्यमला ते कळत होतं. करडं यंत्र हाकेच्या अंतरावर पडलंय हेही कळत होतं. पण ते आणलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं.

कबरस्तानाच्या फाटकात पेटीची कडी एकाच्या हातात उपसून आली. पेटी कोपऱ्यावर आदळली. आत जॉर्ज सरकला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. विल्यमची आई खाली बसून पदरानं पेटीची माती पुसत राहिली. आणि विल्यम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "भोकं पाडताना फळी हलली हो. मी काय करणार?"

फळी धरली होती बन्यामीनमामांनी.

तेव्हापासून मामा येत, माप घेत, आणि फळी धरायची वेळ आली की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहत. आत्ताही उभे होते.

"कुणीतरी धरा रं," विल्यम म्हणाला.

कुणी हललं नाही. मग खांबापाशी शेवंतीचा हार ओवत बसलेली बाई उठली. जॉर्जची रूथ. तिनं हार बाजूला ठेवला, पदर खोचला आणि फळीपाशी आली.

"वहिनी, तुम्ही नका. माणसं हायत की."

"मामा न्हाई धरायचे आता, भाऊजी. मी धरते." तिनं दोन्ही तळवे फळीवर टेकले, अंगाचा भार टाकला. "आज फळी हलायला नगं."

विल्यमनं तिच्याकडं पाहिलं नाही. मामांकडंही नाही. त्यानं खटका दाबला. करडं यंत्र गुरगुरलं आणि लोण्यात सुरी जावी तसं पातं लाकडात उतरलं. भुसा रूथच्या बोटांवर साचत गेला. तिनं तो झटकला नाही. भोक गोल, नेमकं. इस्क्रू चावत चावत आत गेला आणि घट्ट झाला. एकेक करत साऱ्या कड्या बसल्या.

कुणी वाहवा केली नाही. चर्चची घंटा झाली. आत बायकांनी गीत धरलं.

"झालं," विल्यम म्हणाला. टॉवेल उचलायला त्याचा हात गेला आणि तसाच राहिला. आता काय झाकायचं?

रूथ पेटीच्या कडेला वाकली. शेवटची कडी तिनं दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. पाय रोवून पुन्हा ओढली. कडी हलली नाही.

ती ओढतच राहिली.