खण क्रमांक त्रेचाळीस

“बाई, मुलांना नंबरांनी ओळखणे आता शोभत नाही,” कपड्यांच्या खोलीतल्या ऐंशी लाकडी खणांकडे बोट दाखवत नवे प्राचार्य ओहोळ म्हणाले. शाळेच्या शताब्दीपूर्वी ते काढून त्यांना तिथे संगणक कक्ष करायचा होता.

या मिशन बोर्डिंगची मी चौतीस वर्षे मेट्रन होते. मी त्यांना समोर बसवले. “आडनावावरून पोराची वस्ती कळत असे. म्हणून धोब्याला फक्त नंबर कळावा, ही शिस्त मी घातली. एकच सदरा असणाऱ्याची इस्त्रीसुद्धा सहा सदरेवाल्यासारखीच झाली. खण निघणार नाहीत.”

इतक्यात शताब्दीसाठी आलेले, पिकल्या केसांचे एक माजी विद्यार्थी दारात उभे राहिले. उभे राहण्याची ढब पाहूनच मी ओळखले.

“त्रेचाळीस, कॉलर नीट कर.”

त्यांनी निमूटपणे केली. मग आपल्या खणावर हात ठेवून म्हणाले, “बाई, या खोलीत मला कुणी कधी कमी लेखले नाही.”

“ऐकलेत?” मी ओहोळांना म्हणाले.

“पण बाई, माझे नाव आठवते?” खणावरचा हात न काढता त्यांनी विचारले.

मी पुष्कळ आठवून पाहिले. आठवले नाही.

“योनाथान शेलार,” ते हसून म्हणाले. ते रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

कपड्यांवर नंबर घालायची शाई मी कपाटातून काढली आणि त्या खणावर, त्रेचाळीसच्या खाली, त्यांचे नाव लिहिले. ओहोळांना प्रवेशाचे जुने रजिस्टर आणायला पाठवले.

“आता सांग, योनाथान,” मी विचारले, “तुझ्या शेजारचा चव्वेचाळीस कोण होता?”