दोषांची वही

"ताई, ही वही जाळून टाका," मर्झबान म्हणाला. "बाहेर गेली तर उस्तादांच्या कीर्तीवर बोळा फिरेल."

शेख बुंदारांना जाऊन चौथा दिवस होता. त्यांचा हा शिष्य ग्रंथ आवरायला आला होता. सदाचरणावर त्यांनी लिहिलेल्या सात ग्रंथांच्या मागे त्याला ती वही सापडली होती.

"वाचलीस?" त्यांच्या मुलीने, सफूराने विचारलं.

"चार पानं. 'पाहुण्याला कलिंगडाची कडेची फोड दिली, मधली स्वतः खाल्ली.' 'हजामावर विनाकारण ओरडलो.' 'मर्झबानच्या कवितेची खोटी वाहवा केली.'" त्याचे कान लाल झाले. "लोक काय म्हणतील?"

"कविता वाईटच होती रे. मीच सांगितलं होतं त्यांना."

स्वतःचे दोष स्वतःला दिसत नाहीत, म्हणून खरं बोलणारं एक माणूस जवळ ठेवावं, असं शेख रय शहरातल्या मुलांना शिकवत. त्यांनी स्वतःसाठी मुलीला नेमलं होतं. दर गुरुवारी ते विचारत, "बोल, या आठवड्यात काय पाहिलंस?" ती न कचरता सांगे. ते लिहून घेत आणि सुधारायला लागत. वीस वर्षं हे चाललं.

मग हिवाळ्यात हकिमाने तिला दाराबाहेर बोलावलं. "फार तर दोन महिने. त्यांना सांगू नका, धीर सुटेल."

तिने सांगितलं नाही. "जर्दाळू फुलले की बागेत जाऊ, बाबा," असं म्हणत राहिली. जन्मभर खरं मागणाऱ्या माणसाला तिने शेवटी खोट्यावर निजवलं होतं. त्यांना काही आवरायचं असेल, कुणाची क्षमा मागायची असेल. ती संधी तिने हिरावली होती. चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, तो यामुळे.

मर्झबानने वही पुढे केली. सफूराने शेवटची पानं उघडली. अक्षर कापरं होतं.

'गुरुवार. सफूरा म्हणाली, काहीच दोष दिसला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे माझे दिवस भरत आले.'

'गुरुवार. ती बाजारात गेल्यावर शेजारच्या यूनुसला बोलावलं. जुन्या भांडणाची क्षमा मागितली. दोघेही रडलो.'

त्यापुढे एकच नोंद होती.

'दोष : मला कळलं आहे, हे सफूराला कळू दिलं नाही. हा सुधारायचा नाही.'