वड्यांचं ऊन
धान घरात आलं आणि थंडी पडली, की आमच्या ह्यांचं कशातच मन लागत नाही. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत, रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलेच. साकोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, ह्यांना रोज सकाळी तासभर उन्हात बसवायचं. म्हणून मी अंगणात लाल प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली. आमच्या अंगणात ऊन नऊला येतं आणि अकराला शेजारच्यांच्या माडीआड जातं. आठ दिवस हे मुकाट बसले. नवव्या दिवशी मी कोहळ्याच्या वड्या घातल्या. दोन खाटांवर जुनी लुगडी अंथरून वड्या मांडल्या, तर सगळं ऊन त्यांनीच व्यापलं. हे कडेला खुर्ची घेऊन बसले. “सरका ना जी थोडे, वड्यायवर सावली पडून राहिली तुमची,” मी म्हणाले. हे सरकले. ऊन पुढे आलं, तशी सावली पुन्हा खाटेवर. “बुरशी लागन न वड्यायले,” मी म्हणाले. हे पुन्हा सरकले. तिसऱ्यांदा मी नुसतं पाहिलं. तेव्हा हे उठले, खाटांवर न मावलेल्या वड्यांचं ताट आपल्या हातांनी त्या खुर्चीवर ठेवलं आणि आत जाऊन अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. नऊ दिवसांतलं ह्यांचं ते पहिलं वाक्य. “आता तं नाही पडत ना माही सावली?” मी ताटातली एकेक वडी नीट मांडत होते. मान वर न करता म्हणाले, “नाही. आता बराबर आहे.”